मामाजींची ऑर्डर आणि आमच्या खाली माना

आमच्या घरी सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. लग्न होऊन दुसरबीडहून देऊळघाटला आले तेव्हापासून मी दोघांशीही बोलत आले आहे. फरक एवढाच, की आत्याबाईंशी तोंड बघून आणि मामाजींशी जमीन बघून. सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडे पाहून बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, साडी जाऊन ड्रेस आला, स्कूटी आली, त्याच स्कूटीवर मामाजींना मागं बसवून मी बुलढाण्याला दवाखान्यात नेऊ लागले, पण नजर होती तिथंच राहिली. मामाजींच्या चपला मी शंभर चपलांतून काढून देईन. त्यांचे डोळे कसे आहेत असं कोणी विचारलं असतं, तर मला नवऱ्याला विचारावं लागलं असतं.

तेही माझ्याशी थेट बोलत नसत. चहा हवा असला की नातवाला सांगत, "आईले म्हन, चहा मांड." नातू घरात नसेल तर भिंतीला सांगत. भिंतीनं चहा कधी केला नाही, पण निरोप मात्र बिनचूक पोचवला. मी मूळची बडबडी. माहेरी माझ्या तोंडाला कुलूप लावायची भाषा व्हायची, आणि सासरी माझं निम्मं बोलणं भिंतीमार्फत होऊ लागलं. पण यात आमचं काही बिघडलं नव्हतं. मामाजींनी मला कधी कमी लेखलं नाही, मी त्यांना कधी उलट बोलले नाही. कसं बोलणार, भिंत मध्ये होती.

आम्ही भाजीपाल्याची माणसं. भेंडी, वांगी, मेथी, कोथिंबीर. माल बरा गेला की दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी सगळ्यांना हॉटेलात नेत. बुलढाण्याच्या रस्त्यावर एक आहे, समोर सिमेंटचा हत्ती असलेलं, आणि फॅमिली रूमचा पडदा कधीच पूर्ण सरकत नाही असं. मामाजी, आत्याबाई, माझा नवरा, मी, मुलगा आणि मुलगी. जागा ठरलेली, आणि ऑर्डर मामाजींनीच द्यायची हेही ठरलेलं.

मेनूकार्ड ते उघडत नसत. वेटरनं आणून दिलं की त्यानं वारा घेत. मग धाकट्यापासून सुरुवात. मुलीला म्हणायचे, "तुले काय?" मग मुलाला, मग मुलाच्या बापाला. माझी पाळी आली की परत मुलीकडे बघून, "तुह्या आईले इचार, तिले काय पाह्यजे." मी ताटाकडे बघत मुलीला सांगायचे, आबांना सांग, काहीही चालेल. मुलगी आमच्या मधोमध बसलेली असायची. लहान होती तेव्हा तिला कोडं पडायचं, की ज्याला सगळं ऐकू आलंय त्याला पुन्हा काय सांगायचं. सगळ्यांचं विचारून झालं की मामाजी वेटरकडे वळत आणि एका दमात सांगत. कोणाची शेवभाजी, कोणाला तिखट कमी, कोणाची पोळी आणि कोणाची भाकर, कांदा आत्ता आण, लिंबू मागून. त्यांचा आवाज असा, की शेजारच्या टेबलावरची माणसंही आपल्याला काय हवं ते आठवू लागत. स्वतःचं मात्र ते कधी सांगत नसत. ते आत्याबाई मागून जोडायच्या, "अन् याइले पिठलं-भाकर." मुलं दरवेळी पनीर मागवायची. मामाजी त्याला दुधाचं रबर म्हणत, आणि वेटरला चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत, "रबर एक प्लेट. बटर टाकून."

टेबलावर फोन आले तेव्हा सगळ्या घरांत येतात तसेच आले, हळूहळू आणि आपले हक्काचे असल्यासारखे. मामाजींनी नियम केला की जेवताना फोन उलटा ठेवायचा. नियम सगळ्यांना लागू होता, एक त्यांना सोडून. त्यांचा फोन आमच्या सगळ्यांच्या फोनपेक्षा जास्त वाजायचा. व्यापारी, अडते, शेजारचे शेतकरी. एका हातात भाकर, एका हातात फोन, आणि त्या दिवशीच्या भेंडीचं काय झालं ते अख्ख्या हॉटेलला कळायचं. मुलगा हळूच म्हणायचा, आबांना फोन कशाला हवा, खिडकी उघडली तरी बाजारात ऐकू जाईल. मी स्वतः नियम पाळायचे असं दाखवायचे आणि मांडीवर फोन ठेवून माहेरच्या ग्रुपवरची सुप्रभातची फुलं दुपारी दोन वाजता बघायचे. मान तशीही खालीच असायची, त्यामुळे कोणाला संशय येत नसे.

गेल्या हिवाळ्यात मेथीच्या वाफ्यापाशी मामाजी बसले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवा हात गेला, पाय थोडा ओढला, आणि बोलणं गेलं. हात पुढे बराच परत आला, पायही. बोलण्यासाठी अकोल्याला एक बाई होत्या, अशा रुग्णांकडून बोलण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की मामाजींना सगळं कळतं, शब्द आत आहेत, बाहेर यायला वेळ लागतो. तुम्ही समोर बसा आणि थांबा, शब्द तुम्ही पुरवू नका. निघताना दारापर्यंत आल्या आणि मला एकटीला म्हणाल्या, "बोलत राहिले तर वाढेल. बोलणं टाकून दिलं, तर आलेलंही जाईल."

ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. आत्याबाईंनी सगळ्यांत जास्त डोलावली, आणि त्याच संध्याकाळी मामाजींनी 'पा' म्हटल्याबरोबर पाणी आणून दिलं. त्यांना राहवायचं नाही. जन्मभर ज्या माणसाच्या आधी उठल्या, त्याच्या शब्दाच्या आधी पोचायला त्यांना काय वेळ लागणार. तरी उन्हाळ्यापर्यंत मामाजी दोन-दोन, तीन-तीन शब्द जोडू लागले. मध्ये मोठी मोकळी जागा सोडून, पण जोडू लागले. तेव्हा आम्हीच ठरवलं, आता त्यांना हॉटेलात न्यायचं.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. जागा त्याच. टेबलावर आता मेनूकार्ड नव्हतं, प्लास्टिकच्या उभ्या पाटीवर काळ्या ठिपक्यांचा चौकोन होता, फोननं तो टिपला की पदार्थ दिसतात असा. मामाजींना वारा घ्यायला काही उरलं नव्हतं. वेटर नवा होता. तो येऊन उभा राहिला. मामाजींनी सवयीनं मुलीकडे मान वळवली आणि म्हणाले, "तु..."

पुढचं येईना.

आमच्या घरात आणखी एक रीत आहे. ती कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येते. माणूस अडचणीत सापडला की त्याच्याकडे बघायचं नाही. माझा नवरा एकदा पाहुण्यांसमोर बांधावरून घसरून पाटाच्या पाण्यात बसला, तर घरातली झाडून सगळी माणसं आभाळाकडे बघून पाऊस येईल का याची चर्चा करू लागली. तेव्हा एप्रिल होता. पडलेल्याला उठायला, रडणाऱ्याला डोळे पुसायला, चुकणाऱ्याला सावरायला आम्ही अशी पाठ करून जागा देतो. यालाच आमच्याकडे शहाणपण म्हणतात.

तेच आम्ही केलं. एकानंही दुसऱ्याला खूण केली नाही, तरी आत्याबाई सोडून सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या, आणि खाली गेलेल्या मानेला आजकाल एकच जागा आहे. मुलीनं फोन हातात घेतला. नवऱ्यानं काढला आणि हवामान बघू लागला, जे त्यानं सकाळी दोनदा बघितलं होतं. मीही पर्समधून काढला. तो चालूच केला नव्हता. मी काळ्या काचेकडे एकटक बघत बसले होते आणि तिच्यातून माझंच तोंड माझ्याकडे बघत होतं. समोरून मामाजींच्या श्वासाचा आवाज येत होता, शब्द ढकलण्याचा. वेटरनं एक पाय बदलला. शेवटी मुलगा, तो मनानं सगळ्यात हळवा, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, आबा, राहू द्या, मी करतो. त्यानं पाटीवरचा चौकोन टिपला आणि सगळ्यांच्या आवडीनिवडी न चुकता भरल्या. आबांचीच ना ती शिकवण, कोणाला तिखट कमी लागतं ती. वेटर गेला. जेवण आलं. काहीही चुकलं नव्हतं. पिठलं-भाकरही बरोबर मामाजींच्याच पुढ्यात आली.

ते अर्धी भाकर ठेवून उठले.

त्यानंतर मामाजी हॉटेलात यायला नाही म्हणू लागले. नाही म्हणायला शब्द लागत नाही, हात हलवला की झालं. नवऱ्याचं मत पडलं, की बाबांना चारचौघांत लाज वाटते. ते पटण्यासारखं होतं, म्हणून आम्हाला लगेच पटलं. मग आम्ही पार्सल आणू लागलो. पण घरातही त्यांचं बोलणं आटत चाललं होतं. तीन शब्दांचे दोन झाले, दोनाचा एक, मग हातच बोलू लागला. आत्याबाईंना उलट बरं वाटे. हाताचा इशारा त्यांना शब्दापेक्षा लवकर कळायचा. मला मात्र दाराशी आलेल्या त्या बाई आठवायच्या. आलेलंही जाईल, म्हणाल्या होत्या. आणि ते जाताना मला दिसत होतं. दिसत होतं म्हणजे ऐकू येत होतं. बघत मी कुठं होते.

एका दुपारी ओसरीत आम्ही दोघं कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो. सकाळच्या बाजारासाठीचा माल. मामाजी उजव्या हाताच्या व्यायामासाठी बसायचे. गुडघ्याखाली सुतळीचं टोक दाबून, उजव्या हातानं कोथिंबीर धरून, डाव्या हातानं गाठ मारून ते जुडी बांधायचे आणि माझ्या बाजूला सरकवायचे. मी पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवला होता. कोणीतरी बाई ढोकळा करून दाखवत होती. मला ढोकळा करायचा नव्हता. पण मामाजींचं तोंड हलू लागलं, शब्द अडला, की मला कुठंतरी बघायला लागायचं, आणि जमिनीपेक्षा ढोकळा बरा होता.

त्या दिवशी ते काहीतरी बोलू लागले. मी रीतीप्रमाणे नजर ढोकळ्यावर नेली. बराच वेळ गेला असेल. मग एक कोथिंबिरीची जुडी माझ्यासमोर आली आणि फोनच्या काचेवर आडवी पडली. ओली होती. ढोकळा झाकला गेला.

"इकडे," मामाजी म्हणाले. थांबले. "इकडे पाह्य."

मी इकडेतिकडे पाहिलं. ओसरीत दुसरं कोणी नव्हतं. नातू नव्हता, नात नव्हती. ते भिंतीशीही बोलत नव्हते. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं थेट वाक्य.

मी जमिनीला सांगितलं, "मामाजी, तुम्हाले अवघड वाटू नये म्हणून मी पाह्यत नाही. हॉटेलात पण तसंच. तुम्ही अडले की आम्ही मुद्दाम फोनमध्ये..."

त्यांनी हात हलवला. पण या वेळी हातावर थांबले नाहीत. मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले. मग तुकड्या-तुकड्यांनी आलं, "मी... बोलून राह्यलो. तुमी समदे... मोबाइल." परत मोकळी जागा. "कोन आयकून राह्यलं... मले कसं समजावं?"

मी मान वर केली.

याचं फार मोठं काही करून सांगायचं नाही. डोळे तपकिरी निघाले. मुलाचे तसे कोणावर गेलेत हा आमच्या घरातला जुना वाद होता, तो तिथं मिटला. आणि दुसरं असं की मला त्यांचा शब्द येताना दिसला. आधी खालचा ओठ किंचित थरथरतो, मग डावी भुवई वर जाते, मग मान थोडी पुढे येते, आणि तेव्हा शब्द येतो. पाटाला पाणी सोडल्यावर ते आपल्या वाफ्यापर्यंत येताना दिसतं ना, तसं. बांधावर उभं राहून बघणाऱ्याला त्याची वाट पाहणं जड जात नाही. पाठ करून बसलेल्यालाच वाटतं, पाणी आलंच नाही. आम्ही सगळे इतके दिवस पाठ करून बसलो होतो आणि त्यालाच आदर म्हणत होतो.

"समजलं मामाजी," मी म्हणाले, त्यांच्याकडे बघून. मला फार लाज वाटली. त्यांनाही वाटली असावी, कारण ते लगेच कोथिंबिरीकडे वळले, आणि पुढच्या जुड्या आम्ही दोघांनी खाली बघूनच बांधल्या. एका दिवसात किती रीती मोडायच्या.

रात्री जेवून मामाजी झोपायला गेल्यावर मी घरात सांगितलं. मला वाटलं होतं कोणीतरी वाद घालील. मुलगा उठून चूळ भरायला गेला आणि बराच वेळ आला नाही. त्या चौकोनावर त्यानंच ऑर्डर भरली होती ना. नवऱ्यानं हातातला फोन खिशात ठेवला आणि मग हातांचं काय करावं ते त्याला कळेना. आत्याबाई म्हणाल्या, मी तर त्यांच्याकडेच पाह्यते, माह्यं काय चुकलं? मग त्याच थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी थांबत नाही, नाही का."

पुढच्या बाजारानंतर आम्ही परत गेलो. मामाजींना मी सांगितलं, थेट, की चला. त्यांनी हात हलवला नाही, चप्पल पायात सरकवली. फोन कोणी घरी ठेवून आलं नव्हतं, टेबलावर टोपली ठेवून त्यात गोळा करण्याची नाटकंही आम्ही केली नाहीत. खिशात होते, पर्समध्ये होते, मध्ये कोणाचा तरी गुरगुरलाही. वेटर तोच. मुलानं त्याला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आबा ऑर्डर देतील, वेळ लागेल. तो म्हणाला, लागू द्या. पण बाकीच्या टेबलांवर त्याला जावं लागत होतं, तो जात होता आणि येत होता.

मामाजींनी मुलीकडे मान वळवली. ओठ थरथरला. भुवई वर गेली. आमच्या सहांपैकी पाच जण त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला होता, जसा काही शब्द त्यालाच काढायचा होता.

"तुले काय?"

"पनीर, आबा," मुलगी म्हणाली. मामाजींनी तिच्याकडे बघून नाक मुरडलं. रबर म्हणायला फार वेळ लागला असता, नाकावर भागलं. मग मुलगा, मग त्याचा बाप. मग ते मुलीकडे परत वळले नाहीत. माझ्याकडे वळले.

"तुले?"

आणि मला काही सुचेना. इतकी वर्षं मुलीमार्फत काहीही चालेल म्हणून सांगणारी मी, मला खरंच काय हवं आहे हे मी या हॉटेलात कधी ठरवलंच नव्हतं. पाच माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मामाजीही. कोणी घाई केली नाही, कोणी शब्द पुरवला नाही. अडलेल्या माणसाकडे सगळ्यांनी बघणं हे किती कठीण असतं आणि किती बरंही असतं, ते मला तिथं कळलं. "भरीत," मी शेवटी म्हणाले. "तिखट."

वेटर आला. मामाजींनी त्याला सांगायला सुरुवात केली. पूर्वीसारखा एक दम नव्हता, पुष्कळ दम होते. तो मध्ये एकदा गेला आणि आला. नवऱ्याची शेवभाजी सांगायची राहिली, नवऱ्यानं तिची आठवण करून दिली नाही आणि त्या दिवशी तो डाळ जेवला. सांगून झालं तसा वेटर वळला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्यांना विचारणाऱ्या या माणसाला या टेबलावर कधीच कोणी विचारलेलं नाही. आत्याबाईंचं तोंड पिठल्यासाठी उघडलंही होतं. मुलानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मामाजी," मी म्हणाले, "तुम्हाले काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरला, थांबला. पुन्हा थरथरला. वेटर पॅड धरून उभा होता, आता तोही त्यांच्याच तोंडाकडे बघत होता. आत्याबाईंनी स्वतःचे ओठ दातांखाली धरले होते. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी फोन वाजून वाजून बंद झाला. भुवई वर गेली, मान पुढे आली.

"पनीर," मामाजी म्हणाले.

आत्याबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, पण आवाज असा की स्वतःशीच बोलल्यासारखा, "मले वाटलं, पिठलंच म्हनतीन."

प्लेट आली तेव्हा मामाजींनी डाव्या हातानं एक तुकडा उचलला, बराच वेळ चावला, आणि बटर कमी असल्याचं वेटरला सांगायला त्यांनी मान वर केली. आम्ही घास खाली ठेवले आणि त्यांच्याकडे बघत थांबलो.